अटलांटिक प्रोग्राममधून फार्मासिस्ट म्हणून कॅनडा: परवान्याची फाइल आणि पीआरची फाइल वेगळी

देवगड तालुक्यातल्या एका मुलीने विचारलं आहे. आधी डी.फार्म., मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.फार्म. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी आहे, कणकवलीच्या एका मेडिकलमध्ये चार वर्षं काम, लग्न होऊन दीड वर्ष झालंय. एका एजंटने सांगितलं की कॅनडाच्या अटलांटिक प्रोग्राममधून 'फार्मासिस्टचं जॉब लेटर' मिळवून देतो, नऊ लाख भरा, आठ महिन्यांत पीआर (कॅनडात कायम राहण्याचा हक्क) हातात. वडील हापूसची कलमं गहाण ठेवायला तयार आहेत. पैसे द्यावेत का, आणि नाही द्यायचे तर हे काम स्वतः कसं करायचं, एवढंच तिला जाणून घ्यायचं आहे.

नोव्हा स्कोशियातल्या एका लहान गावच्या फार्मसीत मी बरीच वर्षं परवानाधारक फार्मासिस्ट म्हणून काम केलं. आता कुडाळला असते आणि इथल्या मुलामुलींचे कागद बघून देते, त्याचे पैसे घेत नाही. म्हणून मोकळेपणाने सांगते.

पैसे देऊ नकोस आणि कलमांना हात लावू देऊ नकोस. तुझी पात्रता चांगली आहे, तू जाऊ शकतेस. पण एजंट जे विकतोय ती वस्तू मुळात विकता येत नाही. परवाना नसलेल्या माणसाला कॅनडात फार्मासिस्ट म्हणून कामावर ठेवणं कायद्याने शक्य नाही. परवाना प्रत्येक प्रांताची नियामक संस्था देते आणि त्यासाठीच्या परीक्षा तू अजून दिलेल्या नाहीस. मग आज तुझ्या नावाने 'फार्मासिस्ट' पदाचं पत्र कोण देईल? एक तर खोटं पत्र देणारा, नाहीतर पदाचं नाव फुगवून लिहिणारा. दोन्हीमध्ये अर्जावर सही तुझी असते. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यानुसार पाच वर्षांची बंदी लागते, आणि ती एजंटवर नाही, तुझ्यावर लागते.

आपल्याकडे परदेश म्हटलं की डोळ्यासमोर आखात येतं. खेड, चिपळूण, दापोली, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत दोन पिढ्या दुबई-कुवेत झालंय. तिथे कंपनी व्हिसा काढते आणि करार संपला की माणूस घरी येतो. त्यामुळे 'नोकरीचं पत्र आलं म्हणजे सगळं आलं' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. कॅनडात दोन फाइली असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या टेबलांवर जातात. एक इमिग्रेशनची, म्हणजे तिथे राहण्याचा हक्क. दुसरी परवान्याची, म्हणजे फार्मासिस्ट म्हणून काउंटरमागे उभं राहण्याचा हक्क. पहिली मंजूर झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. पीआर घेऊन गेलेले आणि वर्षानुवर्षं फार्मसी असिस्टंटच राहिलेले आपले बी.फार्म. झालेले लोक मी पाहिले आहेत. हुशार माणसं होती. तिथे पोचल्यावर भाडं, मुलं, शिफ्ट यांत अभ्यास मागे पडत गेला. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, परवान्याची फाइल इथे असतानाच उघड आणि जमेल तितकी इथेच पुढे ने.

आता हा अटलांटिक प्रोग्राम. न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडॉर हे पूर्व किनाऱ्यावरचे चार प्रांत. वय वाढलेली लोकसंख्या, तरुण बाहेर गेलेले, लहान गावांत डॉक्टर-फार्मासिस्टची चणचण. मुंबईकडे रिकामं होत गेलेलं कोकणातलं गाव ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगायला नको. त्यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये पथदर्शी योजना सुरू झाली आणि जानेवारी २०२२ पासून ती कायमची झाली. यात नोकरी देणारा मालक प्रांताने मान्यता दिलेला असावा लागतो. तो नोकरी देऊ करतो, त्यानंतर तिथली सेटलमेंट संस्था तुझ्यासाठी स्थायिक होण्याचा आराखडा करून देते (ही सेवा मोफत असते), मग प्रांत शिफारस देतो आणि त्या शिफारशीवर तू केंद्राकडे पीआरचा अर्ज करतेस. मालकाला एलएमआयए नावाची किचकट परवानगी काढावी लागत नाही, हा त्याच्या दृष्टीने मोठा फायदा. तुझ्याकडून लागतं ते असं: मागच्या पाच वर्षांत किमान १,५६० तासांचा पगारी अनुभव, इंग्रजीची सीएलबी ५ पातळी (सीएलबी म्हणजे भाषेसाठी कॅनडाची मोजपट्टी; असिस्टंट, टेक्निशियन, फार्मासिस्ट या तिन्ही पदांना ५ च), शिक्षणाचं मूल्यांकन आणि सुरुवातीच्या खर्चापुरते पैसे.

या अटी वाचायला सोप्या वाटतात. अडचण मालक मिळण्यात आहे. तिथल्या लहान गावातल्या फार्मसीचा मालक अनोळखी माणसाला इतक्या दुरून घेताना एकच विचार करतो: ही बाई माझ्याकडे परवानाधारक होऊन टिकेल का? नुसता बायोडेटा पाठवलास तर तो बाजूला पडतो. त्यात 'पीईबीसीची (फार्मासिस्टच्या परीक्षा घेणारं कॅनडाचं मंडळ) मूल्यांकन परीक्षा उत्तीर्ण' असं लिहिलेलं असेल तर तो फोन करतो. मान्यताप्राप्त मालकांच्या याद्या प्रांत स्वतः जाहीर करतात, त्या बघायला एजंट लागत नाही. अलीकडच्या काळात प्रांतांकडे जागा कमी आणि अर्ज जास्त असल्यामुळे ते क्षेत्र बघून निवड करतात. आरोग्यसेवेला झुकतं माप मिळतं, पण 'आठ महिन्यांत नक्की' असं वचन द्यायचा अधिकार कोणालाच नाही.

परवान्याच्या फाइलीवर जरा थांबू, कारण खरं काम तिथे आहे. सुरुवात नाप्राच्या (प्रांतांच्या फार्मसी नियामकांची राष्ट्रीय संघटना) 'फार्मासिस्ट्स गेटवे'वर नोंदणी करून राष्ट्रीय ओळख क्रमांक घेण्यापासून. तो मिळाला की पीईबीसी, म्हणजे फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडाकडे, कागदपत्रांचं मूल्यांकन. त्यानंतर मूल्यांकन परीक्षा, मग पात्रता परीक्षेचे दोन भाग: पहिला बहुपर्यायी प्रश्नांचा, दुसरा ओस्की, म्हणजे रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसासमोर प्रत्यक्ष समुपदेशन. याशिवाय प्रांताची कायद्याची परीक्षा आणि देखरेखीखालचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. त्याचे तास प्रांतागणिक बदलतात. क्वेबेकची व्यवस्था निराळी आहे, ती बाजूला ठेव. मूल्यांकन परीक्षा संगणकावर होते, तिच्यासाठी कॅनडात जाऊन राहावं लागत नाही. ओस्की मात्र कॅनडातच.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. इमिग्रेशनसाठी शिक्षणाचं मूल्यांकन बहुतेक लोक डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून करून घेतात. ज्याचा मुख्य व्यवसाय 'फार्मासिस्ट' म्हणून दाखवायचाय आणि ज्याला परवाना लागणार आहे, त्याला ते पीईबीसीकडूनच घ्यावं लागतं. म्हणजे पीईबीसीचं काम तुझ्या दोन्ही फाइलींना उपयोगी पडतं. आधी डब्ल्यूईएसवर पैसे घालवू नकोस.

कागद जमवणं हे आपल्याकडचं खरं दुखणं. तू डिप्लोमावरून दुसऱ्या वर्षात गेलीस, म्हणून डिप्लोमा आणि पदवी दोन्हींचे ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या विषय-गुणांचा अधिकृत उतारा) काढ. नुसती तीन वर्षांची बी.फार्म. दाखवलीस तर शिक्षण अपुरं दिसेल. डिप्लोमाचे तंत्रशिक्षण मंडळाकडून, पदवीचे मुंबई विद्यापीठाकडून. (ज्यांचं कॉलेज लोणेरेच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेलं आहे त्यांनी माणगावला उतरावं, कलिनाला जाऊन उपयोग नाही.) काही कागद आपण स्वतः पाठवून चालत नाहीत, देणाऱ्या संस्थेकडूनच थेट जावे लागतात. फार्मसी कौन्सिलच्या नोंदणीची खात्री देणारं पत्र त्यातलंच. आधी पीईबीसीच्या सूचना छापून घे आणि प्रत्येक ओळीपुढे कागदाचं नाव लिही. विद्यापीठात अर्ज टाकलास की पाठपुरावा कर. पोस्टाने अर्ज पाठवून देवगडात वाट बघत बसलीस तर महिने जातात, मुंबईतल्या एखाद्या भावाला-मामाला खिडकीवर उभं करणं केव्हाही चांगलं.

नावाचंही बघ. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, कौन्सिलच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आपल्याकडे याचं कोणाला काही वाटत नाही, तिथे प्रत्येक फरकाचं कारण द्यावं लागतं. ग्रामपंचायतीचा विवाह दाखला मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. पासपोर्टवर नाव अजून बदललं नसशील तर घाई करू नकोस. माहेरच्या नावावरच सगळी पदवीची कागदपत्रं आहेत, तेच नाव ठेवलंस तर निम्मी कटकट वाचते. सासरच्यांना हे आधीच नीट समजावून सांग.

आता अनुभवाबद्दल, आणि हे जरा कडक वाटेल. आपल्या जिल्ह्यांत कित्येक मेडिकलमध्ये पगार रोख मिळतो. पावती नाही, बँकेत नोंद नाही, हजेरीपत्रक नाही. चार वर्षं उभं राहून काम केलंस तरी कागदावर तू नसशील तर ते १,५६० तास सिद्ध करता येत नाहीत. या महिन्यापासून पगार बँकेत घ्यायला लाग, मालकाकडून नेमणूकपत्र घे, जुन्या वर्षांसाठी जे काही खरं उपलब्ध आहे ते गोळा कर. किरकोळ औषधविक्रीच्या परवान्यावर नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून तुझं नाव अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदलेलं असेल तर तो फार बळकट पुरावा आहे, त्याची प्रत माग. अनुभवपत्रात पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि तू प्रत्यक्ष करतेस ती कामं आलीच पाहिजेत: प्रिस्क्रिप्शन तपासणं, औषधांची परस्परक्रिया बघणं, रुग्णाला डोस समजावणं, शेड्यूल एच-१चं (विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांचं) रजिस्टर ठेवणं. इंटरनेटवरून कॅनडाच्या नोकरीचं वर्णन जसंच्या तसं उतरवून मालकाची सही घेऊ नकोस. अधिकारी ते रोज वाचतात आणि लगेच ओळखतात.

आणि सर्टिफिकेट भाड्याने देण्याचा प्रकार. हे लिहायला मला वाईट वाटतं, पण लिहिलंच पाहिजे. स्वतः पुण्या-मुंबईत दुसरी नोकरी आणि सर्टिफिकेट गावच्या मेडिकलच्या भिंतीवर, महिन्याला ठरावीक रक्कम, असे बरेच जण आहेत. इथे तो गुन्हा आहे आणि रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. वर तोच 'अनुभव' कॅनडाच्या अर्जात घातला तर एकाच काळात दोन ठिकाणी नोकरी दिसते आणि सगळा अर्ज संशयात जातो. तुझ्याबाबत असं नाही हे तुझ्या पत्रावरून दिसतंय, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते: तो काळ अनुभवात धरूच नका आणि तो करार आजच संपवा.

ज्यांचं मेडिकल घरचं, स्वतःच्या नावावर आहे त्यांच्यासाठी एक ओळ. अटलांटिक प्रोग्राममध्ये स्वतःच्या धंद्यातले तास धरत नाहीत. एक्स्प्रेस एंट्री, म्हणजे केंद्राची गुणांवर पीआरसाठी निवड करणारी पद्धत, तिच्यातल्या फेडरल स्किल्ड वर्कर गटात परदेशातला स्वयंरोजगार चालतो, फक्त तिथे सलग एक वर्षाचा अनुभव आणि सीएलबी ७ लागते.

एक्स्प्रेस एंट्रीचं तू विचारलं नाहीस, पण तिथेही प्रोफाइल उघडून ठेव. प्रांताचं नॉमिनेशन त्याच्याशी जोडून मिळालं तर ६०० गुण मिळतात, म्हणजे काम झाल्यातच जमा. २०२३ पासून आरोग्यक्षेत्रासाठी वेगळ्या निवडी होतात. नुसत्या जॉब ऑफरचे गुण मात्र २५ मार्च २०२५ पासून बंद झाले, त्यामुळे 'लेटर घ्या, गुण वाढतील' म्हणणारा एजंट जुनं गाणं गातोय. प्रांतांना मिळणाऱ्या नॉमिनेशनच्या जागाही २०२५ साठी आदल्या वर्षाच्या निम्म्यावर, ५५,००० पर्यंत, आणल्या होत्या. हे आकडे दरवर्षी हलतात, म्हणून एकाच योजनेवर सगळं अवलंबून ठेवायचं नाही. ग्रामीण भागांसाठी जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक योजना आली, १४ ठरावीक गावं-शहरांसाठी. त्यात नोव्हा स्कोशियाची पिक्टू काउंटी आहे. तिथेही पाया तोच, त्या भागातल्या मान्यताप्राप्त मालकाची नोकरी.

इंग्रजीच्या परीक्षा दोन लागतील हे धरून चाल. इमिग्रेशनला आयईएलटीएस जनरल किंवा सेल्पिप ही कॅनडाची इंग्रजी परीक्षा चालते, परवान्यासाठी आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकसारखी. इमिग्रेशनसाठीचे निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतात, म्हणून ती परीक्षा फार आधी देऊन ठेवू नकोस.

ओस्कीची तयारी मात्र उद्यापासून कणकवलीच्या काउंटरवर सुरू करता येते, आणि ही गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपल्याकडच्या फार्मासिस्टचं पुस्तकी ज्ञान कमी पडत नाही, कमी पडतं ते बोलणं. पेशंट येतो, 'दोन दिवसांच्या गोळ्या द्या' म्हणतो, आपण स्ट्रिप कापतो, पैसे घेतो, पुढचा. तिथे प्रत्येक नव्या औषधाला विचारायचं असतं: डॉक्टरांनी हे कशासाठी दिलं म्हणाले, कसं घ्यायला सांगितलं, काय जाणवेल म्हणून सांगितलं? डॉक्सीसायक्लिनचंच घे. पावसाळ्यात लेप्टोमुळे सिंधुदुर्गात आपण ती किती देतो. त्या वेळी भात लावणीहून आलेल्या बाईला सांग: पेलाभर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर लगेच आडव्या होऊ नका, दूध-अँटासिडबरोबर नको, उन्हाने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, आणि विचार, दिवस गेलेत का, अंगावर पाजता का. नोव्हा स्कोशियात हीच डॉक्सीसायक्लिन गोचीड चावल्यानंतर लाइम आजार टाळण्यासाठी फार्मासिस्ट स्वतः लिहून देतो. चावल्यापासून ७२ तासांच्या आत, मोठ्या माणसाला २०० मिलिग्रॅमचा एक डोस. तिथे फार्मासिस्टला किरकोळ आजारांवर औषध लिहायचा, लस टोचायचा अधिकार आहे आणि लोक त्याच्याकडे तेवढ्याच विश्वासाने येतात. तू आज लावणीवाल्या बाईशी जे बोलशील तेच पुढे परीक्षेत आणि नोकरीत बोलायचं आहे, फक्त इंग्रजीत. नावं थोडी बदलतात, पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, निमेसुलाइड तिथे नाहीच. इनहेलर कसा ओढायचा हे रोज एका तरी पेशंटला हातात घेऊन दाखव.

पैशाचं. पीईबीसीचं मूल्यांकन आणि तिन्ही परीक्षा मिळून काही हजार कॅनेडियन डॉलर लागतात, पण ते एकदम द्यायचे नसतात, टप्प्याटप्प्याने जातात. पगारातून बाजूला टाकत गेलीस तर पहिले दोन टप्पे कर्जाशिवाय होतील. कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन देण्याचा हक्क फक्त तिथल्या वकिलांना (आणि लॉ सोसायटीच्या पॅरालीगलना), सीआयसीसी या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या सदस्यांना आणि क्वेबेकच्या नोटरींना आहे. सदस्यांची नावं त्या संस्थेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. तुझ्या एजंटकडे सदस्य क्रमांक माग. तो देऊ शकला तरी नोकरी विकत घेण्यासाठी एक रुपयाही द्यायचा नाही, कारण खरा मालक त्याचे पैसे घेत नाही.

इतर देशांचं थोडक्यात. ऑस्ट्रेलियात ४९१ हा प्रादेशिक व्हिसा आहे: पाच वर्षांचा, नॉमिनेशनचे १५ गुण, सिडनी-मेलबर्न-ब्रिस्बेन सोडून कुठेही राहायचं आणि तीन वर्षांनी १९१ या व्हिसाखाली कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज. तिथेही फार्मसी कौन्सिलची परीक्षा आणि इंटर्नशिप सुटत नाही. अमेरिकेचा विचार बी.फार्म.वर करू नकोस. २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांना तिथे पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, फार्म.डी. केलेल्यांना ती वाट मोकळी आहे.

तुझ्या धाकट्या दीराचं नुसतं डी.फार्म. झालंय असं लिहिलंस. त्याला फार्मासिस्टची वाट नाही, पण पीईबीसीची टेक्निशियनसाठी वेगळी परीक्षा-साखळी आहे आणि फार्मसी टेक्निशियन हे कॅनडात परवान्याचं, मानाचं पद आहे. फार्मसी असिस्टंटला परवाना लागत नाही आणि अटलांटिक प्रोग्राममध्ये ते पदही बसतं. परवाना मिळेपर्यंत तूसुद्धा असिस्टंटचं काम केलंस तर त्यात कमीपणा नाही; पण तुझा अनुभव फार्मासिस्टचा, म्हणजे वरच्या पातळीचा आहे, त्यामुळे या प्रोग्राममधून ते पद तुला चालेल का हे आधी तपासून घे. फक्त पत्रात पद 'असिस्टंट' असंच असू दे.

तिथल्या जगण्याबद्दल एवढंच सांगते की लहान गावात गाडी चालवता आल्याशिवाय पान हलत नाही. दोघांनीही इथेच गाडी शिकून घ्या. न्यू ब्रन्सविक अधिकृतपणे द्विभाषिक प्रांत आहे, थोडी फ्रेंच असली तर तिथे मालक लगेच लक्ष देतो. नवऱ्याला बरोबर न्यायचं असेल तर त्याची इंग्रजीची परीक्षाही तुझ्याबरोबरच होऊ दे.

आणि कधी एखाद्या मालकाची मुलाखत आलीच, तर पगार ठरवण्याआधी त्याला तीन गोष्टी विचार: परवाना मिळेपर्यंत मी कोणत्या पदावर असेन, माझ्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी तुमच्याकडे मान्यताप्राप्त प्रिसेप्टर (देखरेख करणारा फार्मासिस्ट) आहे का, आणि ओस्कीच्या वेळी रजा मिळेल का. उत्तरं ईमेलवर लेखी घे. त्याआधी दोन कामं आहेत, गेटवेवर नोंदणी आणि विद्यापीठाचा ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज. ती झाली की पीईबीसीचा फॉर्म भरताना अडलीस तर लिही, मी बघून देईन.